दोन वह्या

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर दादाची तार होती. रात्र रात्र जागून तो हौशी रेडिओवर परमुलखाशी बोले. भेटीची साक्ष देणारे कार्ड टपालाने यायला कधी कधी वर्ष लागे. अमेरिकन रेडिओ रिले लीगने 2003 साली संगणकावर 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' उघडले. आपली नोंद सांकेतिक सहीने पाठवायची. समोरच्याचीही तशीच आली, वेळेत अर्ध्या तासाहून अधिक फरक नसला, की भेट खरी.

दादाची दृष्टी गेल्यावर त्याच्या वहीतून नोंदी मी पाठवल्या. एकही जुळेना! मुलांच्या चुका काढणाऱ्या मास्तरांनी घड्याळ मुंबईचे धरले होते. हवे होते जागतिक, साडेपाच तास मागचे. दुरुस्ती केली आणि पहिली नोंद जुळली.

दादा हळूच म्हणाला, "म्हणजे त्यानंही मला लिहून ठेवलं होतं तर!"