रजिस्टरातली नावं

सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर मी मास्तर होतो, तेव्हा एक बाई मुलाचं नाव घालायला आल्या. मुलाचं नाव केरबा. मला हसू आलं. पोराच्या नावात केर कशाला, म्हणून मी परस्पर ‘किरण’ लिहिलं. बाईंना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलंही नाही. उलट ही समाजसेवा रात्री बायकोला चवीनं सांगितली. धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं, हे मी वर्गात दरवर्षी घोकून घ्यायचो. पण पोटच्या पोराला धोंडा का म्हणत असतील, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

पुढे कळलं. मुलं जगत नसली की नव्या बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे आणि दुसऱ्या कुणी उचलून आईला द्यायचं. टाकलेल्यावर काळाची नजर जात नाही, हा हिशेब. त्यातून केरबा, केरू. भीक मागून आणलेला तो भिकू. दगडू-धोंडूही पुष्कळदा त्यातलेच. (अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही धोंडू म्हणतात, तेव्हा प्रत्येक धोंडूमागे दुःख शोधू नये.) केरबाच्या आधीची भावंडं गेली होती.

त्याचे वडील वारले तेव्हा सातबाऱ्यावर वारस लागला केरबा आणि शाळेचा दाखला निघाला किरणचा. तलाठ्याकडे हेलपाटे, प्रतिज्ञापत्र, गॅझेट. खर्च मी देऊ केला. त्यानं तो मोजून घेतला, हे बरं झालं.

मी धडा घेतला, तोही चुकीचा: सांगतील ते निमूट लिहायचं. एका घरची चौथी मुलगी आली, नकुशा. हीही दृष्ट लागू नये म्हणूनच, असं मनाशी म्हणत मी लिहून टाकलं. केरबाला टाकल्याचं सोंग केलं होतं, कारण तो हवा होता. ही खरंच नको होती. आता तरी मुलगा व्हावा म्हणून ते नाव. आईला विचारलं असतं तर तिनं तिथंच सांगितलं असतं.

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून जिल्ह्यातल्या २८५ नकुशांना नवी नावं दिली गेली. मी टाळ्या वाजवायला गेलो होतो. आमची नकुशा तोवर लग्न होऊन गेली होती. पुढे एकदा बाजारात भेटली. सासरी तांदळात नाव लिहिलं तेव्हा तिनंच सुचवलेलं नाव ठेवलं, म्हणाली.

मी म्हटलं, “बरं झालं. सुटलीस.”

“कुठं, गुरुजी? दाखल्यावर नकुशाच आहे. खाली तुमची सही.”