अस्वस्थ पाय : काही टिपणे

अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५च्या सुरुवातीला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमची, म्हणजे रात्री पाय सतत हलवावेसे वाटणाऱ्या आजाराची, नवी मार्गदर्शिका काढली. त्यात रोपिनिरोल (अमेरिकेत या आजारासाठी परवाना २००५) आणि प्रॅमिपेक्सोल (२००६) सरसकट देऊ नका, असे सांगितले आहे. सुरुवातीला ही औषधे जादू करतात. पुढे रात्रीचा त्रास संध्याकाळी, मग दुपारी सुरू होतो, पायांतला हातांत चढतो. डोस वाढवावा तर दुखणेच वाढते. याला ऑग्मेंटेशन म्हणतात. एवढा भाग कोणत्याही देशाने जसाच्या तसा उचलावा. औषधाचा हा स्वभाव ह्यूस्टनला आणि हिंगोलीला एकच.

*

बाकीचे इतके सोपे नाही. ठाम शिफारस चार औषधांची : गॅबापेंटिन एनाकार्बिल, साधे गॅबापेंटिन, प्रीगाबालिन आणि शिरेतून द्यायचे लोह, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज. पहिल्याला अमेरिकेत २०११पासून, जपानमध्ये २०१२पासून परवाना; युरोपात नाही. मग युरोपातल्या डॉक्टरच्या हाती त्याच्या जागी उरते साधे गॅबापेंटिन. त्याचा डोस जितका मोठा, तितका आतड्यातून शोषला जाणारा वाटा कमी; एनाकार्बिलचे तसे नाही. म्हणजे एकाच ओळीतली ही दोन नावे परस्परांच्या जागी बिनधास्त घालता येत नाहीत.

*

एनाकार्बिलच्या अमेरिकी पत्रकावर वेळ दिली आहे : संध्याकाळी पाचच्या सुमारास, अन्नाबरोबर. पाचला आपल्याकडे फार तर चहा-बिस्किट. जपानी पत्रक म्हणते, रात्रीच्या जेवणानंतर.

*

लोहाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

प्रौढ रुग्णाचे फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचे माप) ७५ किंवा त्याखाली, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर लोह द्या, तोंडाने किंवा शिरेतून. ७५ ते १००च्या मध्ये असेल तर फक्त शिरेतून. आता जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा निकष पाहा : निरोगी प्रौढात फेरिटिन १५च्या खाली गेले तर लोहाची कमतरता. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. १५चा रक्तासाठी, ७५चा मेंदूसाठी. या आजारात रक्तात लोह पुरेसे असूनही मेंदूत कमी असू शकते. पण व्यवहारात होते काय? फेरिटिन ३२ आलेल्या बाईंच्या रिपोर्टवर लाल खूण नसते. ‘सगळं नॉर्मल आहे’ ऐकून त्या घरी जातात आणि रात्री दोनला पुन्हा घरभर फेऱ्या मारतात.

उलटीही अडचण आहे. अंगात संसर्ग किंवा दाह असला की फेरिटिन फुगते. जिथे जुनाट संसर्ग घरोघरी, तिथे १२०चा आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही. अशा देशाच्या आवृत्तीत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि सीआरपी (दाहाची खूण) फेरिटिनच्या शेजारी बसवायला हवेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. भारतीय आवृत्ती कोणी लिहायला बसलेच, तर पहिले पान लोहाचे असावे, गोळ्यांचे मागून. कार्बॉक्सिमाल्टोज इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रोजच्या वापरातले आहे. पायांसाठी ते मागायची सवय तेवढी नाही.

*

ग्रेड-अडोलॉपमेंट नावाची पद्धत आहे, २०१७ची. परक्या मार्गदर्शिकेतली शिफारस जशीच्या तशी घ्या, बदलून घ्या किंवा नवी करा. प्रत्येक शिफारशीचा निर्णय वेगळा. पुराव्यांचे तक्ते पुन्हा वापरता येतात. खर्च, उपलब्धता, रुग्णाची पसंती यांचे हिशेब मात्र घरी मांडावे लागतात. नावाचा उच्चार सोडला तर पद्धत शहाणी आहे.

*

अफूवर्गीय औषधे. अमेरिकेची सशर्त शिफारस. युरोपात ऑक्सिकोडोन-नॅलोक्सोनच्या जोडगोळीला या आजाराच्या तीव्र रुग्णांसाठी, आधीचे उपचार हरल्यावर, परवाना आहे. भारतात एनडीपीएस कायद्यात २०१४ला दुरुस्ती होऊन ऑक्सिकोडोन ‘अत्यावश्यक मादक औषधां’त आले. पण कायद्यात असणे वेगळे आणि तालुक्याच्या औषध दुकानात असणे वेगळे.

*

कॅबरगोलिन नको. हृदयाच्या झडपांना धोका. सीमाशुल्क न भरता कुठेही नेता येणारे वाक्य.

*

त्रास वाढवणाऱ्या औषधांचा उल्लेख मूळ मार्गदर्शिकेत थोडक्यात आटोपतो. सर्दीच्या गोळीतले अँटिहिस्टामाइन, उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड, काही नैराश्यविरोधी औषधे. जिथे सर्दीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, तिथे हा परिच्छेद लांबवावा लागेल. घरातली औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावणे, ही पहिल्या भेटीची खरी तपासणी.

*

दोन्ही पायांच्या पेरोनियल मज्जातंतूला विजेने उत्तेजन देणारे पट्टे : सशर्त शिफारस. बहुतेक देशांत ही ओळ तूर्त कोरीच राहील. आपल्याकडे पोटरीला ओढणी करकचून बांधून झोपणाऱ्या बायका आहेत. त्यावर शिफारस करण्याइतका पुरावा नाही, म्हणून हसण्यासारखेही काही नाही.

*

मूत्रपिंड निकामी झालेल्यांसाठी सशर्त शिफारशींत क जीवनसत्त्व आहे. इतके स्वस्त नाव या यादीत दुसरे क्वचितच. गॅबापेंटिनही आहे, पण इथे फार थोडे, आणि डायलिसिस झाल्यावर. ते शरीराबाहेर टाकायचे काम मूत्रपिंडाचे, आणि तेच बंद.