चार टक्के

गिरगांवांतील चाळींत आमचें बिऱ्हाड वडिलांच्या वेळेपासूनचें. तेथील भाडें म्हणजे थिजलेला आकडा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें तें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर जखडून ठेविलें होतें. ही जखडणूक आतां वाजवी उरली नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं म्हटलें. आणि ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें घरमालकांस दरसाल चार टक्के वाढीचा हक्क मिळाला.

आमच्या मालकांनीं ती वाढ मागतांच चाळींत युद्ध पेटलें. "आधीं गळकें छप्पर नीट करा," असें आम्ही म्हणालों; "या भाड्यांत चार कौलें तरी येतील काय?" असें ते म्हणाले. पाहूं गेल्यास दोघांचेंही खरें होतें. आमचें भाडें शंभर रुपये. म्हणजे तंटा महिना चार रुपयांचा! तक्रारअर्जाचा मसुदा अर्थातच माझ्यासारख्या प्राध्यापकाकडे आला, आणि मीं तो मोठ्या आवेशानें लिहिला.

त्याच संध्याकाळीं पुण्यांतील माझ्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार नव्यानें करावयाचा होता. तेथें मीं दहा टक्के वाढ घातली. भाडेकरू तरुण हळूच म्हणाला, "सर, न्हाणीघरांतली गळती तेवढी..."

"पाहूं या," मी म्हणालों.

शब्द तोंडांतून गेले, आणि ते आमच्या मालकांचेच आहेत हें ध्यानांत आलें. अर्ज मीं फाडला नाहीं. छप्पर गळतच होतें. पण दुसऱ्या दिवशीं चार रुपये जास्त भरून पावती घेतली, आणि पुण्याला गवंडी धाडला.