शनिवारची दुपार

ॲन आर्बरला आलो त्या वर्षी, चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाला हे लोक फुटबॉल का म्हणतात, यावर मी अर्धा मोसम हसलो. उरलेल्या अर्ध्यात खुळावलो! विद्यापीठाच्या त्या बारवेसारख्या खोल मैदानात १,०७,००० हून अधिक माणसे बसतात. एवढ्या कंठांतून एकच आरोळी उठली की अंगावर काटा येई. आणि दोन धिप्पाड पोरे एकमेकांवर आदळल्याचा ‘खाड्’ आवाज वरच्या ओळीपर्यंत पोचला की, कबूल करतो, मजा वाटे.

मग २०१७ साली बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक लेख वाचनात आला. मृत्यूनंतर दान आलेले मेंदू त्यांनी तपासले होते. कॉलेजापलीकडे न खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूंना वारंवारच्या धक्क्यांचा विकार जडलेला होता. दुखणाईतांचेच मेंदू अधिक आले असणार, हे मलाही समजते. पण तेव्हापासून ‘खाड्’ झाले की माझाच हात डोक्याकडे जातो.

२०२१ पासून या पोरांना आपल्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले, त्याचे मला वाईट वाटले नाही. डोके त्यांचे, दाम त्यांना! पण २०२४ साली टीव्हीच्या पैशापायी लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे आमच्या ‘बिग टेन’मध्ये आली. दहांच्या पंगतीत आता अठरा पाने! भांडावे ते शेजाऱ्याशी. एवढ्या लांबच्याशी कसले वैर धरायचे?

यंदा तिकीट काढले नाही. शनिवारी दुपारी अंगणातली पाने गोळा करतो. वारा तिकडून असला की गलका ऐकू येतो. हातातले दाताळे थांबते, आणि मी कुंपणापलीकडे विचारतो, “किती झाले?”