बड्स, कूलर आणि मोंढा

चुन्याच्या डबीएवढी डबी, आत दोन गोट्या. झाकण उघडलं की फोन ओळख दाखवतो. पहिल्यांदा जोडून द्यायला भाच्याला बोलवावं लागलं नाही, एवढं यश पुरे.

रबरी टोप्या तीन मापांच्या. उजव्या कानाला मधली बसते, डाव्याला मोठी लागते. टोपी सैल राहिली की डग्गा गायब आणि तबल्याची चाटी तेवढी उरते. आवाज वाईट म्हणून परत करण्याआधी टोपी बदलून बघावी.

मे महिना. पारा बेचाळिसाच्या पुढे, कूलर रात्रंदिवस. बाहेरचा आवाज गाळणारं बटण दाबलं आणि कूलरची घरघर विरली. बारीक माइक बाहेरचा आवाज टिपतो, बड त्याच्या उलटी लाट सोडतो, दोन्ही एकमेकींना खातात. एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर हे छान चालतं. कूलरच्या गवतावरची टपटप मात्र तशीच, कुकरची शिट्टी तर चांगलीच ऐकू येते. बोस हेडफोन कंपनीचे अमर बोस यांना हेडफोनसाठी ही कल्पना 1978 मध्ये विमानात सुचली. विमानासाठीचा उपाय परभणीच्या कूलरला इतका लागू पडेल, असं वाटलं नव्हतं.

आकाशवाणी परभणी. आजीचा सेट मीडियम वेव्हचा, मीडियम वेव्ह फोनला कधीच पकडता आली नाही. एफएम पकडायचा तर इअरफोनची वायरच एरियल व्हायची. वायर गेली, एरियलही गेली. आता आकाशवाणी न्यूजऑनएअर ॲपवर, नेट खर्चून. खरखर नाही, पण मागे राहतं. आजीच्या सेटवर निवेदक पुढे निघून गेलेला असतो. एका बडाने फोन, दुसऱ्या कानाने सेट, म्हणजे शेतीचा सल्ला दोनदा.

मोंढ्यातून फोन केला. पलीकडचा म्हणाला, "तुझं काहीच आयकू येईना, हमालांचं सगळं कळायलंय." हे माइक शांत खोलीसाठी बनलेले दिसतात. गाडीवर तर वाराच बोलतो. तसंही जिंतूर रोडवर दोन्ही कान बुजवून गाडी चालवणारा शहाणा नव्हे.

खरी अडचण निराळी. वायर लोंबत असली की समोरच्याला कळायचं, याचे कान कामात आहेत. आता केसांआड काही दिसत नाही. काकांनी ओट्यावरून हाक मारली, मला ऐकू गेली नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की पोरगं माजलंय. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "कामून रे, एकटाच बोलायलास?" कानातून काढून दाखवलं, तर म्हणाले, "मग आमच्याशी बोलताना काढत जा." घरात आता एकच बड घालतो. दुसरा तोवर डबीत चार्ज होतो, बॅटरीही पुरते.

गंगाखेडला जाताना रेल्वेत रुळांचा खडखडाट बराच कमी झाला. चहावाल्याची आरोळी आत येते. बरंच आहे.

माहितीपत्रकात लिहिलंय, 35 अंशांपर्यंत वापरावे. मेमध्ये ते आपल्याकडे न्याहारीनंतर लगेच ओलांडलं जातं. गाडीच्या डिक्कीत डबी ठेवायची नाही. लिथियमच्या सेलला ऊन मानवत नाही.

सेल गेला तर? बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. त्याने बड फिरवून बघितला. "हे उघडत नसतंय साहेब. उघडलं की गेलं." वायरचे अजून विकतो म्हणाला, एफएमवाले गिऱ्हाईक घेतात.