पाण्याबाहेर आल्यानंतर

साताऱ्याकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकले. पुढे मालवणच्या समुद्रातही बिनधास्त जायचे. त्यामुळे डब्लिनला आल्यावर मैत्रिणींच्या गटाबरोबर पहाटे सँडिकोव्हच्या ‘फॉर्टी फूट’ या समुद्रात पोहायच्या जागी गेले तेव्हा पोहणं येतंच आहे, थंडी तेवढी सोसायची, असं धरून चालले. बाकीच्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या, मानेवर पाणी मारत होत्या. मी खडकावरून सूर मारला. अंगाला गार पाण्याचा धक्का बसला की माणूस न ठरवता मोठा श्वास ओढतो, आणि माझं डोकं तर पाण्याखाली होतं. नाकातोंडात पाणी गेलं. धाप आवरेना. पाठीवर तरंगत राहा, हातपाय मारू नकोस, असं एकीनं ओरडून सांगितलं म्हणून निभावलं. मिनिट-दोन मिनिटांत श्वास ताब्यात आला.

पण मला जी चूक अजून सलते ती ही नव्हे.

शरीर या धक्क्याला काही दिवसांत सरावतं. अंगातली ऊब मात्र पाण्यात जातच असते. समुद्र सावकाश गार होतो, म्हणून तिथलं पाणी नाताळापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त थंड असतं, ८-९ अंशांच्या आसपास. अशाच मार्चमध्ये मी पुण्याहून नव्यानं आलेल्या एका मैत्रिणीला घेऊन गेले. थोड्या वेळानं ती म्हणाली, “निघू या का आता?” मी म्हटलं, “थांब गं, आत्ता कुठे मजा येतेय.” तिचे ओठ निळसर झालेले मी पाहिले होते. तरी थांबवलं, कारण गटातल्या आयरिश बायकांसमोर आपली मैत्रीण आधी बाहेर पडू नये असं मला वाटत होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

पायऱ्यांपाशी तिची बोटं कठड्यावर मिटेनात. दोघींनी तिला वर ओढलं. वर आल्यावर ती हसली, बरी आहे म्हणाली, आणि मी निर्धास्त झाले. ओल्या कपड्यांतच तिला वाऱ्यात उभं ठेवून गप्पा मारत राहिले. घरी जाऊन कडकडीत पाण्यानं आंघोळ कर, असा सल्लाही दिला. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं, आणि अशा वेळी एकदम गरम पाणी घेतलं तर रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं. दहाएक मिनिटांत तिला हुडहुडी भरली, जीभ जड झाली, शब्द अडखळू लागले.

गटातल्या एक वयस्क बाई धावल्या. तिचे ओले कपडे उतरवले, अंग कोरडं केलं, लोकरी टोपी आणि मिळतील तेवढे सुके कपडे चढवले, तिला बसवलं. थोडं सावरल्यावर घोटघोट गोड चहा दिला. त्यांनी मला रागावलं नाही. नुसतं बाजूला सरायला सांगितलं. तासाभरात ती नीट बोलू लागली.

आता कधी बाहेर यायचं हे आम्ही उतरण्याआधीच ठरवतो, आणि तेही गटातली सर्वांत नवी व्यक्ती ठरवते. आधीच कुणी निघाली तर दुसरी एक तिच्याबरोबर बाहेर येते. बहुतेकदा ती मीच असते.

मैत्रीण पुन्हा आली नाही. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, “अगं, मलाच ठाम नाही म्हणता आलं नाही.” मी तिला सांगितलं, तू म्हणाली होतीस, मी ऐकलंही होतं.