ऑफिस सुटल्यावर, अंधार पडण्याआधी

प्रोजेक्टवर सहा महिन्यांसाठी लंडनला आलेलं आपल्याकडचं कुणी भेटलं आणि पुण्यात आपण सायकल चालवतो असं बोलण्यात निघालं, की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘ताई, ऑफिसनंतर इथे सायकल घेऊन जायचं कुठे?’ मी उलट विचारते, ‘तुझे सहा महिने कुठले?’ एप्रिल ते सप्टेंबर असतील तर गडी नशिबाचा. ऑक्टोबर ते मार्च असतील तर आधी दिवे विकत घे, मग बोलू.

पुण्याच्या सायकलवाल्याचा दिवस पहाटे पाचला उजाडतो. खडकवासला, सिंहगडाचा पायथा, अंगात रग असेल तर बोपदेव घाट, येताना कुठेतरी पोहे-चहा, आणि नऊच्या आत आंघोळीला घरी. संध्याकाळी सायकल काढायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण त्या वेळी रस्त्यावर सायकलवाल्याला कुणी विचारत नाही. इथे सगळा हिशेब उलटा. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक पडतो दोन तासांचा. लंडनमध्ये तो जवळजवळ नऊ तासांचा. जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि उजेड त्यानंतरही रेंगाळतो. साडेपाचला लॅपटॉप मिटला तर अजून तिसरा प्रहर चालू असल्यासारखं वाटतं. डिसेंबरात सूर्य चारच्या आत गेलेला असतो. तेव्हा इथे संध्याकाळचा रस्ता नकाशाआधी कॅलेंडरात बघायचा.

दुसरी अडचण रेल्वेची. नवीन माणसाला वाटतं, ट्रेनमध्ये सायकल टाकू, तासाभरात हिरवळीत पोचू. तसं होत नाही. जमिनीखाली खोल धावणाऱ्या ट्यूबमध्ये घडी न होणारी सायकल चालतच नाही, आणि ज्या गाड्यांत चालते तिथेही दुपारी चार ते संध्याकाळी सात बंदी. म्हणजे नेमकी आपली वेळ. त्यामुळे रस्ता असा हवा, जो ऑफिसच्या दारात सुरू होतो.

तो शोधायला लोक फोन काढतात. सायकलस्ट्रीट्स नावाचं एक ब्रिटिश संकेतस्थळ आहे, ते एकाच प्रवासाचे तीन रस्ते दाखवतं: वेगवान, मधला आणि शांत. कामावर जायला उत्तम. पण ऑफिसनंतरच्या फेरीत पोचायचं कुठेच नसतं. जिथून निघालो तिथेच, किंवा घरी, यायचं असतं, आणि वाट चांगली असावी एवढीच मागणी असते. यंत्राला ही मागणी नीटशी कळत नाही. माझी कसोटी साधी आहे: पहिल्या पंधरा मिनिटांत किती वेळा पाय जमिनीला टेकवावा लागला? मध्य लंडनमध्ये दर शे-दोनशे मीटरवर सिग्नल. थांबा, निघा, थांबा. दिवसभर मीटिंगांमध्ये हेच केलेलं असतं, ते पुन्हा रस्त्यावर कशाला? म्हणून मी पाणी शोधते. नदीला आणि कालव्याला सिग्नल नसतो. शिवाय पाण्याकाठी चढ नसतो, आणि थकलेल्या माणसाला या गोष्टीची किंमत जास्त कळते.

ज्यांची ऑफिसं सिटीत, म्हणजे बँकांच्या भागात आहेत, त्यांना मी बोगद्याची फेरी सुचवते. टॉवर हिलपासून सी-३ हा सायकलमार्ग पूर्वेला जातो. याचा वेस्टमिन्स्टरपर्यंतचा नदीकाठचा तुकडा २०१६ साली झाला, आणि संध्याकाळी सहाला तिथे सायकलींचा जो लोंढा असतो तो बघून जुन्या पुण्याची माणसं हळवी होतील. आपण मात्र लोंढ्याच्या बाहेर, केबल स्ट्रीटने निघायचं. उजव्या-डाव्या बाजूला जुनी घरं आणि सरकारी वसाहती, आणि मध्ये जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र. १९३६च्या ऑक्टोबरात मोस्लीच्या फॅसिस्टांचा मोर्चा या वस्तीतल्या ज्यूंनी, आयरिश गोदी कामगारांनी आणि कम्युनिस्टांनी इथे अडवला, त्याचं ते चित्र. पोलिसांचे घोडे, उडणारे दगड, गर्दी, सगळं गरगरत आल्यासारखं काढलंय. एकदा तरी थांबून बघावं.

पुढे लाइमहाउस, मग आयल ऑफ डॉग्जच्या दक्षिण टोकाला एक बाग. तिथून नदीपलीकडे ग्रिनिचच्या जुन्या नौदल कॉलेजच्या पांढऱ्या इमारती समोर दिसतात, पण पूल कुठेच नाही. बागेत एक छोटी घुमटाची वाटोळी इमारत आहे, तीच वाट. लिफ्ट किंवा गोल जिना उतरून थेम्सच्या खाली जायचं. हा पायी जायचा बोगदा १९०२ साली उघडला, तो दक्षिण काठावर राहणाऱ्या कामगारांना उत्तरेच्या गोद्यांत कामाला जाता यावं म्हणून. त्याआधी ते होडीवर अवलंबून होते. म्हणजे ही वाट मुळात कामावरून घरी येणाऱ्यांसाठीच बांधलेली. लांबी ३७० मीटर, भिंतींना पांढऱ्या चकचकीत फरशा, आणि माणूस दिसायच्या आधी त्याच्या पावलांचा आवाज येतो. उत्तरेच्या टोकाला थोडं अंतर बोगदा एकदम आकसतो, आत पोलादी अस्तर आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने तिथे नुकसान झालं होतं, त्याची ती डागडुजी. सायकल इथे चालवायची नाही, ढकलायची. पाट्या तसं बजावतात. निम्मे लोक ऐकत नाहीत. तुम्ही ऐका, कारण त्या आकसलेल्या भागात समोरून बाबागाडी आली तर तुम्ही आणि ती दोघंही अडकता.

वर आलं की ग्रिनिच. मग सी-४ मार्गाने डेप्टफर्ड, रॉदरहाइद करत टॉवर ब्रिजला परत. डेप्टफर्डला ईस्ट इंडिया कंपनीची सुरुवातीची जहाजं बांधली गेली. आज तिथे नव्या फ्लॅटच्या इमारती आहेत आणि नदीकाठी कुत्री फिरवणारी माणसं आहेत. ही सगळी फेरी पंधरा किलोमीटरच्या आसपास. रमतगमत गेलं तरी दीड तासात पुरी होते आणि एप्रिलमध्येसुद्धा उजेडात बसते.

माझं स्वतःचं ऑफिस पॅडिंग्टनला आहे, त्यामुळे माझं पाणी म्हणजे रीजंट्स कॅनॉल. पॅडिंग्टनपासून लाइमहाउसपर्यंत जाणारा हा कालवा १८२० साली पुरा झाला. लांबी चौदा किलोमीटरला थोडी कमी. काठची वाट माल भरलेल्या बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली, त्यामुळे ती घोड्याच्या मापाची आहे. पुलाखाली वाट अरुंद होते, वळण आंधळं असतं, तिथे दोनदा घंटी वाजवून हळू व्हायचं. पायी चालणाऱ्याचा मान पहिला. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी या वाटेला येऊ नये. येतात, आणि मग शिव्या खातात.

या भागात फिरता फिरता माझी एक खास मराठी फेरी तयार झाली आहे. कालव्याजवळच्या हाउली प्लेसमध्ये १० नंबरच्या घराला निळी चकती आहे: लोकमान्य टिळक इथे १९१८-१९मध्ये राहिले. चिरोल या इंग्रज पत्रकारावर घातलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते आले होते, आणि खटला हरले. झाडांची, शांत, पैसेवाल्यांची गल्ली आहे. तिथून निघायचं. मेडा हिलच्या बोगद्यातून फक्त बोटी जातात, म्हणून थोडं रस्त्याने जाऊन पुढे लिसन ग्रोव्हपाशी पुन्हा पाण्याशी उतरायचं. मग रीजंट्स पार्कची कड. इथे मॅकल्सफील्ड पुलाखाली सायकल उभी करा आणि लोखंडी खांबांवरून हात फिरवा. बोटींच्या दोरांनी घासून घासून खांबांना खाचा पडल्या आहेत, हाताचं बोट सहज जाईल अशा खोल. गंमत म्हणजे त्या पाण्याकडच्या बाजूला आहेत तशा मागच्या बाजूलाही आहेत, जिथे दोर पोचणं शक्यच नाही. १८७४च्या ऑक्टोबरात दारूगोळा नेणारी एक बोट बरोबर या पुलाखाली उडाली. बोटीवरचे तिघं गेले, पूल कोसळला. नवा बांधताना जुनेच खांब वापरले, पण फिरवून बसवले. मग न घासलेल्या बाजूवर पुन्हा दोर घासत राहिले. लोखंडाचा इतका काटकसरी वापर कोकणस्थांनाही मान्य होईल.

आणखी थोडं पुढे प्राणिसंग्रहालयाचा उंच जाळीचा पिंजरा कालव्यावरून दिसतो. पूर्वी तो पक्ष्यांचा होता, आता त्यात लांब पांढऱ्या शेपटीची कोलोबस माकडं आहेत. तिथून कालवा सोडून प्रिमरोज हिलकडे वळायचं. किंग हेन्रीज रोड, पुन्हा १० नंबर. बाबासाहेब १९२१-२२मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. संध्याकाळी मी बाहेरूनच बघते. अनेकदा फाटकापाशी कुणीतरी उभं असतं, नागपूरचं नाहीतर लातूरचं, आई-वडिलांचा फोटो काढत असतं, आणि हेल्मेट घातलेल्या बाईने मराठीत ‘तिघांचा काढून देऊ का?’ म्हटलं की दचकतं. (टिळक दहा, आंबेडकर दहा, आणि डाउनिंग स्ट्रीटचंही दहाच. यातून काही निघत नाही, पण सायकलवर असे विचार येतात.)

आतापर्यंतचा सगळा रस्ता सपाट. आता स्वेन्स लेन. हायगेटच्या दफनभूमीच्या भिंतींमधून जाणारा हा चढ लांबीला जेमतेम किलोमीटरभर आहे, पण वरचा भाग असा उभा, की सिंहगडवाल्याचीही पहिल्यांदा गाळण उडते. उजवीकडच्या भिंतीआड कार्ल मार्क्स. माथ्यावर हायगेटचं जुनं गाव, आणि पलीकडच्या अंगाला क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर ६५ नंबरचं घर. श्यामजी कृष्णवर्म्यांचं इंडिया हाउस, १९०५ साली हिंदी विद्यार्थ्यांसाठी काढलेलं. १९०६ साली सावरकर इथे आले. त्याचीही निळी चकती आहे. टिळक, आंबेडकर आणि सावरकर यांना एका खोलीत बसवलं असतं तर कोण आधी उठून गेलं असतं, हा प्रश्न मी स्वेन्स लेनसाठी राखून ठेवला आहे. दम लागलेला असताना वेळ बरा जातो. सगळं मिळून आठ-दहा किलोमीटर, आणि परत येताना उतार.

रिचमंड पार्कबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. पहिल्या चार्ल्सने १६३७मध्ये शिकारीसाठी कुंपण घातलेलं हे रान आजही अडीच हजार एकरांचं आहे. सहाशेहून अधिक हरणं मोकळी फिरतात आणि रस्त्यावर येऊन निवांत उभी राहतात. आतल्या रस्त्याची फेरी साधारण अकरा किलोमीटर. जागा अप्रतिम, पण शहराच्या मध्यापासून लांब, आणि आत रस्त्याला दिवे नाहीत. शिवाय नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत हरणांची संख्या आवरण्याच्या कामासाठी रात्री आठला सगळी फाटकं बंद होतात. ज्यांचं घर नैर्ऋत्येला आहे त्यांनी जावं. इतरांनी ते शनिवारसाठी ठेवावं.

वाऱ्याचं मात्र कुणी सांगत नाही, आणि इथे ते चढापेक्षा महत्त्वाचं आहे. लंडनवर वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. ताजे असताना त्याच्या तोंडावर निघावं आणि येताना पाठीवर घ्यावा. उलट केलंत तर जाताना आपण फार तयारीचे आहोत असा भास होतो आणि परतताना घर हलतच नाही. याला अपवाद ली नदीचा. ऑलिंपिक पार्कपासून उत्तरेला, टॉटनम, एन्फील्ड करत वॉल्थम ॲबीपर्यंत पाण्याकाठाने जाता येतं. पाठीवर वारा घेऊन जावं आणि गर्दीची वेळ टळल्यावर ट्रेनने परतावं. फक्त जून-जुलैत.

अंधार पडल्यावर मी कालव्याच्या वाटेवर जात नाही. बरोबरचे पुरुष म्हणतात, काही होत नाही. असेल. पण एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी, दिव्यांचा पत्ता नाही आणि बाहेर पडायचा जिना पुढच्या पुलाशी असेलच याची खात्री नाही, अशा ठिकाणी मला संध्याकाळचा विसावा मिळत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्या सोमवारपासून मी रीजंट्स पार्कच्या बाहेरच्या गोल रस्त्यावर. फेरी साडेचार किलोमीटरची, सिग्नल थोडे, रस्त्यावर दिवे, आणि माझ्यासारखेच गोल गोल फिरणारे भरपूर. कंटाळवाणं आहे. घाण्याला जुंपल्यासारखं होतं. पण पाय जमिनीला फारसा टेकत नाही, आणि मागून येणारा माणूस दिवा लावून येतो. इथे तो कायदाच आहे: काळोखात पुढे पांढरा, मागे लाल.

राहिला सायकलीचा प्रश्न. २०१०पासून रस्त्यावर असलेल्या भाड्याच्या सायकली कामापुरत्या ठीक, पण वजन वीस किलोच्या वर आणि हायगेटला त्या परत लावायची सोयच नाही, म्हणजे टिळकांपाशी घेतलेली सावरकरांपाशी सोडता येत नाही. सहा महिन्यांसाठी जुनी विकत घ्यावी, मडगार्डवाली, कारण इथला पाऊस धो धो येत नाही पण रस्ता कायम ओला. जाताना दुसऱ्या प्रोजेक्टवाल्याला विकावी. आणि जेवढे पैसे सायकलीवर वाचतील ते कुलपावर घालावेत. एक चाकाला, एक सांगाड्याला, दोन्ही वेगवेगळ्या जातीची, म्हणजे चोराला दोन हत्यारं घेऊन यावं लागतं.